मूठभर भाजलेल्या बिया

मुलुंड (पूर्व)
शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

दादा,

साष्टांग नमस्कार कागदावरूनच घे, माझे गुडघे आता वाकत नाहीत. तुझ्या शेजारच्या कुंडलिकने भोपळा आणून दिला. बिचारा मनोरीच्या जेटीपासून ते धूड खांद्यावर घेऊन आला आणि तसाच हॉस्पिटलात ड्यूटीवर निघाला होता. मी बसवून चहा पाजला. तू पण कमाल करतोस हं. एवढा मोठा भोपळा आणि सोबत चिठ्ठीचा कपटासुद्धा नाही! गिरणीतल्या साच्यांनी तुझे कान खाल्ले, फोनवर बोलायची सोय नाही, मान्य. पण हात तर शाबूत आहेत ना? दोन ओळी खरडायला काय झालं होतं?

आणि वरून चिरा कशाला मारलास रे? कलिंगडवाल्यासारखा पिकलाय का बघितलंस होय? देठाला तर एवढा चुना फासलेला की धुता धुता माझी नखं पांढरी झाली. चिरा होता म्हणून ठेवता येईना, त्याच दिवशी कापला. पण काय भोपळा, दादा! गर नुसता केशरी. अर्ध्याचे घारगे केले, त्यातले अकरा आमच्या सर्वेशने एकट्याने हाणले. बाकीची भाजी केली आणि एक फोड शेजारच्या कुंदाताईंना दिली.

आता खरी गंमत ऐक. आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर मागच्या आठवड्यात एक आहाराची बाई आली होती. नाव अबोली, पण दीड तास एकटीच बोलली. म्हणाली, लाल भोपळ्याच्या बिया म्हणजे खजिना. त्यात मॅग्नेशियम असतं, पायात गोळे येतात त्याला बरं, झोपेला बरं. जस्त असतं, लोह असतं, आणि शेंगदाण्यासारखी ताकद. पुरुषांच्या त्या ग्रंथीलाही चांगल्या म्हणे, तुला ऊठबस करावी लागते ना, तीच ती. रोज मूठभर खायच्या, जास्त नाही. आणि आपण मेले बाजारात एवढ्याशा पुडीला भलते पैसे मोजतो आणि घरातल्या बिया ओल्या कचऱ्यात टाकतो! तिथेच ठरवलं की पुढचा भोपळा आला की एक बी टाकायची नाही. आणि नेमका तुझाच आला.

मग काय! बिया काढून चाळणीत घेतल्या, नळाखाली चोळून धागे सोडवले. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं उकळल्या, म्हणजे मीठ आतपर्यंत जातं. फडक्यावर पसरून दिवसभर पंख्याखाली वाळवल्या. मग लोखंडी कढईत चमचाभर तेल, अगदी मंद आच, आणि ढवळत बसायचं. हात थांबला की करपल्याच. तडतडायला लागल्या, कडा तांबूस झाल्या की गॅस बंद, वर हळद आणि मिरपूड. घरभर असा वास सुटला! आपली बी मोठी आहे ना, काळसर कडेची, बाजारात तसली बघायलाही मिळत नाही.

अर्ध्या ऋतिकासाठी ठेवल्यात. तुला सांगायचंच राहिलं, सूनबाईला पाचवा लागलाय. तिचं रक्त कमी आहे, डॉक्टर ओरडले, म्हणून रोज मूठभर देते. उरलेल्या अर्ध्या या डब्यात तुझ्यासाठी. पूर्ण थंड करून भरल्यात, झाकण घट्ट लाव, नाहीतर सादळतील. एकही बी फुकट घालवलेली नाही, शाबासकी दे.

तुझी,
जानकी

*

मनोरी
रविवार, १७ नोव्हेंबर

जानकी बाय,

आशीर्वाद. डबा मिळाला. सुनेची बातमी वाचून बरं वाटलं. तिला जप म्हणावं. जड उचलू देऊ नको.

बिया छान झाल्यात. झकास. मीठ जरा जास्त आहे.

एक विचारायचं होतं. सगळ्याच भाजल्यास का? माझे खालचे दात गेले, भाजलेल्या कडक लागतात. पाच-दहा कच्च्या राहिल्या असतील कुठे, चाळणीला चिकटलेल्या, ओट्याच्या कोपऱ्यात, तर बघ. कुटून खाईन म्हणतो. कचऱ्याच्या डब्यात पण बघ. मला चालतील.

कुंडलिक पुढच्या शनिवारी येईल, त्याच्याकडे दे. नसतील तर राहू दे.

धोंडूदादा

*

मुलुंड (पूर्व)
शुक्रवार, २२ नोव्हेंबर

दादा,

कचऱ्याच्या डब्यातल्या बिया खाणार? अरे देवा! तुझं पत्र वाचून सर्वेश आणि ऋतिका हसून हसून लोळले. कचरेवाला रोज सकाळी नेतो रे बाबा, दोन आठवड्यांचा कचरा काय मी जपून ठेवणार?

कच्ची एकही उरली नाही. पण तू काळजी करू नको. तुझ्या दातांची सोय केलीय. घरातल्या भाजलेल्या होत्या त्यातल्या थोड्या लसूण-खोबरं घालून कुटल्या, चटणी झाली फर्मास. भाकरीबरोबर खा. आणि कच्च्या हव्यात म्हणतोस तर स्टेशनाजवळच्या दुकानातून पाव किलो आणल्या. हिरव्या आहेत, सोललेल्या, टरफलाची कटकट नाही. घे, तुझी बहीण काय कमी पडू देणार आहे का तुला?

पण एक सांग, तू येत का नाहीस? वहिनी गेल्यापासून दोनदा आलास, तेही चप्पल न काढता. ऐकू येत नाही म्हणून लाजतोस, माहीत आहे मला. अरे, आमच्याकडे सगळे एकदम बोलतात, ऐकू येणाऱ्यांनाही काही कळत नाही.

स्वयंपाकघरामागची मातीची पट्टी मोकळीच पडलीय. बसायला खुर्ची टाकून देईन. ये.

जानकी

*

मनोरी
रविवार, १ डिसेंबर

जानकी बाय,

चटणी चांगली आहे. हिरव्या बिया मिळाल्या.

मी राखतो तो बंगला विकला गेला. नवे मालक चांगले आहेत, मला ठेवतायत, फाटकाजवळ खोली देतायत, नळ आत आहे. वई तोडली, कुंपण म्हणून काही उरलं नाही. मागची बाग काढून सगळीकडे फरशा बसवायचं काम चालू आहे, गाड्या लावायला. धूळ फार. माझं बरं आहे.

मागची पट्टी किती लांब आहे? ऊन किती वाजेपर्यंत असतं? सहज विचारलं.

येईन कधीतरी. पत्र लिहायला हल्ली कंटाळा येतो, चष्म्याचा नंबर बदललाय. उत्तर नाही आलं तर काळजी करू नको.

धोंडूदादा

*

मुलुंड (पूर्व)
रविवार, २२ डिसेंबर

दादा,

तीन आठवडे तुझं पत्र नाही. मी म्हटलं, चष्मा. आज कुंडलिक तुझा रिकामा डबा घेऊन आला. मी विचारलं, काय रे, बिया आवडल्या का आमच्या दादाला? तो हसायला लागला. म्हणाला, "मावशी, धोंडूमामाचं काय खरं नाही. तुमच्या भाजलेल्या बिया निवडत बसतो. कमी भाजलेल्या वाटतात त्या बाजूला काढतो, रंगाच्या रिकाम्या डब्यात माती भरून पुरतो आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घालतो. मी म्हटलं, मामा, हळद लावलेली बी कधी रुजते का? तर ऐकू आलं नाही असं दाखवतो."

मीही हसले, दादा. कुंडलिकसमोर हसले. तो हातपाय धुवायला गेला तेव्हा डबा घासायला घेतला, तळाला माती होती. ती बोटाला लागली आणि एकदम चुना आठवला. हातातला डबा खाली पडला.

मी विसरले कशी रे? सांग ना, कशी विसरले? "पयली सुरी बापयान, बी चेडवान." आवस दर वर्षी म्हणायची. वेलावरचा सगळ्यात चांगला भोपळा बियाण्याला ठेवायचा, ओळखू यावा म्हणून त्याच्या देठाला चुना. बाबांनी पहिला चिरा मारायचा, कारण बाईने अख्खा भोपळा कापायचा नाही. आणि मग बी काढायची ती मुलीने. ती मुलगी मी होते! परकर खोचून मी बिया काढायची, सुपात सावलीला वाळवायची, राखेत घोळवायची आणि आवशीच्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून चुलीवर टांगायची. लग्नानंतरही कार्तिकात माहेरी जायची ती त्यासाठीच.

तू चिरा मारून, चुना लावून तो भोपळा माझ्या दारात पाठवलास. तुझ्या दृष्टीने याच्यापेक्षा मोठी चिठ्ठी कुठली असणार होती? आणि मी तुला कलिंगडवाला म्हटलं. चुना नखांनी खरवडून काढला. वर शाबासकी मागितली.

तू काहीच का बोलला नाहीस? शिव्या घालायच्यास. लिहायचंस की जानके, तुझ्या अकलेची माती झाली. ते सोडून मीठ जास्त आहे म्हणून लिहितोस! आणि मी हिरव्या बिया पाठवल्या, सोललेल्या. तू दातांचं निमित्त केलंस आणि मी तेही खरं धरलं.

मुलुंडला आले तेव्हा माझ्या बोलण्याला शेजारणी हसायच्या, म्हणून मी गावचं सगळं एकेक करून मागे टाकत गेले. आधी भाषा टाकली, मग बाकीचं. आणि आता कुठली तरी बाई माइकवर येऊन सांगते की भोपळ्याच्या बिया फार मोलाच्या, आणि मी वहीत उतरवून घेते.

मला एकच खरं सांग. तुझ्याकडे अजून बी आहे ना? तू इतका जपणारा माणूस, थोडी तरी मागे ठेवली असशील. गावी लवूकाकांकडे असेल. कुणाकडे तरी असेलच. लगेच लिही. कुंडलिक थांबलाय, त्याला मी बळेच जेवायला बसवलंय.

जानकी

*

मनोरी
रविवार, २९ डिसेंबर

जानकी बाय,

रडा नको. रडत असशील हे मला माहीत आहे.

विचारलंस म्हणून खरं लिहितो. बी नाही. मागच्या वर्षीची होती ती जूनमध्ये लावली, पाऊस इतका की सगळी कुजली. राखेत मागे ठेवलेली होती ती जुलैत लावली. त्यातला एक वेल धरला. त्याला एकच भोपळा टिकला, तो तुला दिला. लवूकाकांना मी नोव्हेंबरातच पत्र टाकलं होतं. त्यांनी तीन वर्षं झाली वेल लावायचं सोडलं, माकडं काही ठेवत नाहीत. आता बाजारची बी आणतात, तीही शेजारच्यांसाठी.

तुझ्या बिया पुरल्या ते खरं आहे. उकळलेल्या आहेत हे तू लिहिलं होतंस, मी वाचलं होतं. पण पातेल्यात एखादी वर तरंगत राहते, एखादी कढईच्या कडेला चिकटते, असं वाटलं. अठरा दिवस पाणी घातलं. मग एक उकरून बघितली. आतून पीठ झालं होतं. मग बंद केलं.

चूक तुझी एकटीची नाही. बंगला विकणार हे मला गणपतीतच कळलं होतं. इथे माती राहणार नाही, तुझ्याकडे मागे पट्टी आहे, म्हणून या वर्षी बी तू काढावीस आणि तिकडेच लावावीस असं मनात होतं. हे लिहायला हवं होतं. दोन ओळींचं काम. पण लिहिलं असतं तर बंगल्याचं पण सांगावं लागलं असतं, मग तू म्हणाली असतीस माझ्याकडे राहायला ये, आणि मला बहिणीच्या दारात जाऊन बसायचं नव्हतं. म्हटलं, चुना बघून तिला कळेल. मी चाळीस वर्षं बहिरा आहे गो. लोकांचं तोंड बघून समजून घेतो, आणि वाटतं सगळ्यांना न सांगता कळत असेल. तसं नसतं.

अजून एक गोष्ट आहे. अकरा वर्षं सांगितली नाही. आता ठेवून काय करू? सर्वेशची दहावी होती त्या वर्षी तू कार्तिकात आली नाहीस. आवशीने भोपळा ठेवून दिला. चेडू येईल, मग फोडू. माघ आला तरी फोडू देईना. तिच्या खाटेखाली होता. ती गेली, तेराव्याला तू येऊन गेलीस, त्यानंतर मीच फोडला आणि मीच बी काढली. अर्धी कुजली होती. उरलेली मनोरीला आणली. दर वर्षी मीच काढायचो आणि दर वर्षी वाटायचं की हे माझं काम नाही.

ती तुझ्यावर रागावली नव्हती. एवढंच म्हणाली, "चेडवाक तिचा घर आसा." हे शपथेवर सांगतो.

उरलेल्या बिया खाल्ल्या. पायातले गोळे कमी झालेत. ते तुझ्या बाईचं खरं निघालं.

धोंडूदादा

*

मुलुंड (पूर्व)
शनिवार, ११ जानेवारी २०२५

दादा,

तुझं पत्र आल्यावर आठ दिवस मी पेन हातात धरलं नाही. भाकरी भाजायला बसले की रडू यायचं. सर्वेश म्हणाला, आई, भोपळाच होता ना, बाजारात ढीग पडलेत. त्याचं काय चुकलं? मीच त्याला कधी सांगितलं नाही. मग त्याला आणि ऋतिकाला समोर बसवून सगळं सांगितलं. खाटेखालच्या भोपळ्याचंही सांगितलं. ऋतिका ऐकता ऐकता उरल्यासुरल्या बिया खात होती, ती थांबली. डबा तिने खाली ठेवला आणि म्हणाली, "आई, मी आता कशी खाऊ?" मी म्हटलं, खा गं. तुझ्या पोटात गेल्या तेवढ्याच कामी आल्या. तिचं रक्त वाढलंय दादा, डॉक्टर खूश आहेत. गोळ्यांनी वाढलं असेल, पण मी बियांनीच वाढलं असं धरून चालले आहे. तेवढं मला धरू दे.

आवस माझी वाट बघत होती. तीन महिने. मी इकडे सर्वेशच्या क्लासच्या वेळा सांभाळत होते, आणि फोनवर तिला म्हणायची, "येते गं, परीक्षा झाली की येते." याला आता काही उपाय नाही. रागावली नव्हती असं तू लिहिलंस, त्याने आणखीच लागलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी कुठे कुठे विचारलं ते ऐकशील तर हसशील. मुलुंडच्या बाजारातल्या प्रत्येक भाजीवाल्याला विचारलं, काळसर कडेची मोठी बी असलेला भोपळा येतो का? एकाने मला तीन भोपळे चिरून दाखवले. कसली ती बी, चपटी, पांढरी. तिसऱ्यालाच मला भर बाजारात रडू फुटलं. तो घाबरला, म्हणाला मावशी, घेऊ नका, पण रडू नका.

तरी एक घेतला. चिरलेल्यातला नाही, अख्खा. आपला नाही, होणारही नाही, हे मला कळतं. त्याच्या देठाला चुना मी लावलाय. ओट्याखाली ठेवलाय आणि घरात सगळ्यांना दम दिलाय की हात लावाल तर याद राखा. सर्वेश म्हणाला मी मारतो चिरा, मीही बापयाच आहे. मी म्हटलं, थांब, या घराचा पहिला चिरा माझ्या भावाचा.

मागची पट्टी अकरा पावलं लांब आहे. मोजली. ऊन साडेदहापासून दोनपर्यंत असतं. पलीकडे सोसायटीची जाळी आहे, वेलाला वई म्हणून चालेल. तू विचारलं होतंस, मी उत्तर दिलं नव्हतं. सहज विचारलं असं लिहिलं होतंस आणि मी सहज सोडून दिलं.

तेव्हा ये. राहायला नको येऊ, तुझा ताठा ठेव तुझ्याजवळ. चिरा मारायला ये. बी मी काढीन, सुपात वाळवीन, आणि या वेळी एकही भाजणार नाही. एकट्या बाईने भोपळा फोडायचा नसतो, तेव्हा तुला यावंच लागेल. नाही आलास तर तो ओट्याखाली कुजेल, आणि ते मी दुसऱ्यांदा होऊ देणार नाही.

जानकी

*

मनोरी
रविवार, १९ जानेवारी

जानकी बाय,

पुढच्या रविवारी कुंडलिकबरोबर येतो. सव्वीस तारीख आहे, त्यालाही सुट्टी. सुरीला धार लावून ठेव. तुझ्या घरच्या सुऱ्या बोथट असतात, आवशीच्याही असायच्या.

बाजारच्या बीचा वेल कधी कधी नुसता पाला देतो, फळ धरत नाही. तेव्हा फार आशा धरू नको. लावायची पावसाच्या तोंडावर, आता नाही. मी येऊन खड्डे करून देईन.

सगळ्या बिया खाल्ल्या असं लिहिलं होतं, ते पूर्ण खरं नाही. एक ठेवलीय. चांगली मोठी, कडा काळसर दिसते, हळद पुसून काढली. भाजलेलीच आहे, पुरणार नाही. कागदात बांधून खिशात घालून आणतो. ऋतिकाचं मूल मोठं झालं की आपली बी कशी होती ते त्याला दाखवायला.

तुझा,
धोंडूदादा